आधी छेद विचार

प्रिय मुली,

रात्री साडेअकराला तू पाठवलेली एक्सेल सकाळी चहा घेता घेता उघडली. पालघर जिल्ह्याचे आठ तालुके, समोर ‘दारिद्र्य टक्के’ नावाचा रकाना आणि आठही ओळींत तोच एक आकडा, दशांशाची दोन घरं धरून. शहरी वसई जेवढा गरीब, तेवढाच डोंगराळ मोखाडा. चहा तसाच राहिला.

खाली तू लिहिलंयस, “काका, तालुक्याचा आकडा कुठेच मिळेना, म्हणून जिल्ह्याचाच सगळ्यांना लावला. मॅडमना सोमवारी स्लाइडवर एकच नंबर हवाय. शिवाय महाराष्ट्राचे तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात, त्यातला खरा कुठला?”

तुझ्या हेतूबद्दल मला शंका नाही, म्हणून ते सोडून देतो. फक्त एक गुणाकार करून बघ. 2011 च्या जनगणनेत वसई तालुक्यात 13 लाख 43 हजार माणसं होती, मोखाड्यात 83 हजार. दोघांना एकच टक्का लावलास की तुझ्या तक्त्यात वसईत मोखाड्याच्या सोळा पट गरीब निघतात. उद्या कुणी या तक्त्यावरून जिल्ह्याचा पैसा वाटला, तर शंभरातले जेमतेम तीन रुपये मोखाड्याला जातील. आणि वाटणारा म्हणेल, आकडेवारीनुसारच वाटलाय.

टक्का म्हणजे अपूर्णांक. वर अंश, खाली छेद. अंशात कोण बसतं यावर या देशात समित्यांवर समित्या झाल्या. दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी 1971 साली पुण्यात बसून दारिद्र्यरेषा आखली, तिथपासून तेंडुलकर, रंगराजन यांच्या समित्यांपर्यंत गरीब कुणाला म्हणायचं यावर भांडणं झाली, आणि ती व्हायलाच हवीत. पण छेदात कोण आहे, ते कुठली हद्द धरून मोजलं, कुठल्या साली, किती घरांत जाऊन, हे कुणी विचारत नाही. तू विचार. आकडा दिसला की आधी छेद विचार.

तुझे तीन आकडे घे. 17.35 टक्के हा तेंडुलकर पद्धतीचा, 2011-12 च्या खर्चाच्या पाहणीवरून काढलेला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात माणशी महिना 967 रुपये आणि शहरी भागात 1126 रुपये ही त्याची रेषा. 7.81 टक्के हा नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकाचा. त्यात खर्च मोजलेलाच नाही. पोषण, शाळा, शौचालय, वीज, जळण असे बारा निकष आहेत, आणि माहिती आली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतून. तिसरा पिवळ्या रेशनकार्डांचा. त्याच्या छेदात माणसं नाहीतच, कार्डं आहेत. शिवाय कार्डामागे तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, आणि तो कसा मिळतो हे तुझ्या आजोबांना विचार. तिन्ही आपापल्या जागी खरे. एकातून दुसरा वजा करून “दारिद्र्य निम्म्यावर आलं” असं लिहिलंस, तर मात्र मला तुझ्याशी बोलायचं नाही.

आता ठाणे. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर त्यातून वेगळा झाला. आरोग्य पाहणीची चौथी फेरी 2015-16 ची, म्हणजे नंतरची, पण तिने जिल्हे धरले 2011 च्या जनगणनेचे, 640. त्यामुळे तिच्यातल्या ठाण्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी सगळे आहेत. पाचव्या फेरीत जिल्हे 707 आणि पालघर स्वतंत्र. या दोन फेऱ्यांमधला ठाण्याचा टक्का शेजारी शेजारी ठेवून “ठाण्याची प्रगती” अशी स्लाइड मी एका परिसंवादात पाहिली आहे. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. त्या प्रगतीतला किती भाग खरा आणि किती नुसता जव्हार-मोखाडा हद्दीबाहेर गेल्याचा, हे सांगणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं. मी हात वर केला होता, पण वेळ संपली होती.

नंदुरबारचं याच्या उलट. 1 जुलै 1998 ला तो धुळ्यातून वेगळा झाला आणि राज्याच्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांत जाऊन बसला. त्या रात्रीत त्याच्या अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांत कुणी गरीब झालं नव्हतं. फक्त धुळ्याच्या सरासरीखाली झाकलेलं उघडं पडलं. म्हणून म्हणतो, छेद विचार.

तालुक्याचा आकडा का मिळत नाही, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून सांगतो. पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली 31,643 कुटुंबं आहेत. छत्तीस जिल्ह्यांत वाटली की जिल्ह्याला सरासरी 880 च्या आत-बाहेर. एका निवडलेल्या गावातून किंवा वस्तीतून 22 घरं घेतात, म्हणजे जिल्ह्यात साधारण चाळीस ठिकाणं. लोकसंख्येच्या प्रमाणात बघितलं तर पालघरच्या चाळीस ठिकाणांपैकी मोखाड्याच्या वाट्याला एखादं येतं. बावीस घरं. कदाचित एकही नाही. त्या बावीस घरांवरून तू दशांशाची दोन घरं लिहिणार?

खर्चाच्या पाहणीत तर जुन्या फेऱ्यांत जिल्ह्याचासुद्धा भरवसा धरायचा नसे, विभागाचा धरायचा. मोखाडा कुठल्या विभागात, माहीत आहे? ‘किनारी’. मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि त्यांच्यात सह्याद्रीच्या घाटमाथ्याला टेकलेला मोखाडा. तिथल्या एका कातकरी म्हाताऱ्याला मी विचारलं होतं, समुद्र पाहिलायत का? तो म्हणाला, पोरगा पाहून आला, खारट असतो म्हणे.

2011 च्या फेब्रुवारीत मी त्याच पट्ट्यात जनगणनेचा पर्यवेक्षक होतो, हाताखाली सहा प्रगणक. 9 ते 28 तारखेपर्यंत गणती. एका पाड्यावर सकाळी नऊला पोचलो. चोवीस घरं. त्यातल्या पंधरा घरांच्या दाराला कुडाच्या पट्टीत आडवी काठी अडकवलेली, कुलूप नाही, कारण आत नेण्यासारखं काही नाही. चुली थंड. अंगणात एक म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन नागलीच्या भाकरीचा तुकडा भिजवत होती. बाकीचे कुठे? “भट्टीवर.” दिवाळीआधी मुकादमाकडून उचल घेतली की पावसाच्या तोंडापर्यंत भिवंडीच्या वीटभट्टीवर. माझा प्रगणक, एक तरुण शाळामास्तर, म्हणाला, सर, मी यांना नावानिशी ओळखतो, मुलं माझ्या वर्गात आहेत, लिहून टाकू का? नियम सांगत होता की गणतीचा सगळा काळ माणूस बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे मोजायचा. मी नको म्हणालो. नियम बरोबरच होता, नाहीतर माणूस दोनदा मोजला गेला असता.

पण बघ काय झालं. ती पंधरा घरं भट्टीवर कुणी मोजली असतील, तर भिवंडीत मोजली. तीन वर्षांनी जिल्हा फुटला. भिवंडी ठाण्यात राहिली, पाडा पालघरात आला. म्हणजे पालघरची सगळ्यात गरीब माणसं आज ठाण्याच्या छेदात आहेत. आणि कुणी मोजलीच नसतील, तर कुठल्याच छेदात नाहीत. 2011 नंतर पुन्हा गणती झाली नाही. पुढची येतेय तिचा संदर्भ दिनांक आहे 1 मार्च 2027. तोही भट्टीच्याच हंगामातला.

आता माझं सांगतो, कारण ते न सांगता एवढं बोलायचा मला अधिकार नाही. 2005 च्या सुमाराला एका योजनेसाठी जिल्ह्यांची मागासलेपणाची क्रमवारी हवी होती. तक्ता मी केला. ठाणे जिल्हा पुढारलेल्यांच्या रांगेत गेला, कल्याण-ठाण्याच्या जोरावर. माझ्या कपाटात 2002 च्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या गावनिहाय याद्या होत्या. त्यात डोंगराळ तालुक्यांची अवस्था कुणालाही दिसली असती. पण दोन वेगवेगळ्या पाहण्यांची माहिती एकाच तक्त्यात मिसळू नये, असं मी शिकलो होतो आणि तसंच वागलो. तळटीपसुद्धा घातली नाही. सही केली. ते तालुके त्या योजनेच्या यादीबाहेर राहिले.

पद्धत चुकली नव्हती. हे मी आजही म्हणतो, आणि बायको म्हणते की मी हे फार वेळा म्हणतो.

त्यानंतर मी हट्टाला पेटलो. छेद आणि नमुन्यातली घरं लिहिल्याशिवाय एकही टक्का माझ्या टेबलावरून गेला नाही. साहेब म्हणायचे, एक नंबर द्या, मंत्रालयात फोन चालू आहे. मी चार ओळींचं टिपण द्यायचो. कार्यालयात मला ‘छेदराव’ म्हणू लागले. बढती दोनदा हुकली. त्याचं दुःख नाही असं म्हणणार नाही, पेन्शनमध्ये दर महिन्याला दिसतं. खरी बोच वेगळी आहे. मी नंबर दिला नाही की पलीकडच्या टेबलावरचा कुणीतरी द्यायचाच, माझ्याहून वाईट. तेव्हा गप्प बसून नकार देणं पुरत नाही, हे मला उशिरा कळलं. तू नकार देशील तर त्यासोबत दुसरं काहीतरी हातात ठेव.

म्हणून सोमवारी असं कर. जिल्ह्याचा आकडा एकदाच लिही, पाहणीचं नाव, साल, हद्द आणि कुटुंबांची संख्या त्याच ओळीत, त्याच टायपात. बारीक अक्षरात खाली नको, खालचं कुणी वाचत नाही. तालुक्यांचा टक्क्याचा रकाना पुसून टाक. त्याच्या जागी 2011 च्या जनगणनेच्या घरयादीतून घे: छप्पर कशाचं, पाणी किती लांब, दिवा कशाचा, बँकेत खातं आहे का. ही माहिती पाहणीतल्या नमुन्याची नाही, घरोघर जाऊन घेतलेली आहे, गावापर्यंत मिळते. ती जुनी आहे, तेही लिही. तिला दारिद्र्य म्हणू नकोस. छप्पर म्हण, पाणी म्हण. मॅडम म्हणतील, यातून एक नंबर निघत नाही. नाही निघत. वसई आणि मोखाडा मात्र एकसारखे दिसणार नाहीत.

छोट्या क्षेत्रांचे अंदाज काढायच्या पद्धती आहेत, पाहणी आणि जनगणना जोडून. तू त्या शीक, मला वयामुळे जमल्या नाहीत. पण त्याही ताज्या जनगणनेवर उभ्या राहतात, आणि पंधरा वर्षं जुन्या छेदावर कितीही हुशार गणित मांडलं तरी त्या पंधरा घरांच्या दारांतली काठी हलत नाही.

नवी फाइल रविवारी संध्याकाळी पाठव. फोन केलास तर दुपारी दोन ते चार नको. आणि एक काम माझं कर. सोबत त्या पाड्याचं नाव वेगळ्या कागदावर लिहून फोटो पाठवतोय. तुझ्या नकाशात सापडतो का बघ. जनगणनेच्या यादीत महसुली गावं असतात, पाडे नसतात, त्यामुळे मला कधी सापडला नाही. उपग्रहाच्या चित्रात कदाचित छपरं दिसतील. दिसली तर मोज, आणि चित्र कुठल्या महिन्यातलं आहे तेही कळव.

तुझा,
काका