‘वाइन गॅलन’ आणि ‘एल गॅलन’: दोन्हींना ‘मद्य-गॅलन’ म्हणावे का?

सतराव्या शतकातल्या इंग्लंडवरचा मजकूर मराठीत आणताना हे दोन शब्द आले. (‘एल’ म्हणजे बिअरसारखीच जवाची दारू.) दोन्हींसाठी ‘मद्य-गॅलन’ चालेल का, असा प्रश्न आहे.

नाही चालणार. ही दोन वेगळी मापेच होती. वाइनचा गॅलन 231 घन इंचांचा, म्हणजे पावणेचार लिटरच्या किंचित वर. एलचा 282 घन इंचांचा, साडेचार लिटरहूनही मोठा. दोन्ही एकाच पिंपात ओतलेत तर पुढचे भांडण वाचकाला कळणारच नाही.

भांडण कराचे होते. कर गॅलनवर असला की गॅलन जितका लहान, तितके एका पिंपात गॅलन जास्त आणि कर जास्त. 231 चा हिशेब वर्षानुवर्षे चालत आला होता. पण 1688 मध्ये लंडनच्या गिल्डहॉलमधले (नगर-सभागृहातले) प्रमाण माप प्रत्यक्ष मोजले, तर ते भरले 224! वहिवाट मोडू नका, असा सल्ला सरकारचा कायदे-सल्लागार, अ‍ॅटर्नी जनरल, याने दिला आणि 231 तसेच राहिले. पुढे बार्कर नावाच्या आयातदाराने स्पेनच्या वाइनवरचा कर 282 च्या गॅलनने भरला. सरकारने दावा लावला खरा, पण 231 ला कायद्याचा आधारच दाखवता येईना, तेव्हा माघार घेतली. मग राणी अ‍ॅनच्या काळात कायदा झाला: 7 इंच व्यासाचे, 6 इंच खोल गोल भांडे म्हणजे वाइन गॅलन. पाय (π) 22/7 धरून गुणाकार करा, बरोबर 231 येतात. मला तर हे उत्तर आधी ठरवून भांडे घडवल्यासारखे वाटते. ब्रिटनने 1824 च्या कायद्याने दोन्ही गॅलन मोडीत काढून 10 पौंड पाण्याचा नवा गॅलन आणला. अमेरिकेत मात्र 231 चाच आजही चालतो.

तेव्हा ‘वाइन गॅलन’, ‘एल गॅलन’ हेच शब्द ठेवा. ‘एल’चे ‘बिअर’ही करू नका. त्या काळी हॉप (कडवटपणा आणणारी एका वेलीची फुले) घातलेली ती बिअर, मूळची बिनहॉपची ती एल. लंडनमध्ये बिअरचे बॅरल 36 गॅलनांचे, एलचे 32 चे.

‘एक्साइज’ या करासाठी ‘अबकारी’ मात्र खुशाल वापरा, निदान दारूपुरते. 1643 मध्ये हा कर लागला तेव्हा त्यात बिअर आणि एल होतेच. पुढे तो मिठावरही बसला. तिथे ‘अबकारी’ लिहिलेत तर वाचक मिठात दारू शोधत बसेल.