अधिवेशनात कोणत्या सत्राला बसावे?

वृत्तपत्रांच्या अधिवेशनाला तुम्ही प्रथमच येत आहात, म्हणून कळकळीने सांगतो: मान्यवरांच्या नावांवर न जाता, वक्ता रोज कोणते काम करतो हे पाहून सत्र निवडावे. कोल्हापुरात शाहू स्मारक भवनातील एका कार्यक्रमात मी उद्घाटनासाठी पहिली रांग धरली होती. कामी आले ते मात्र दुपारचे, अर्ध्या रिकाम्या सभागृहातले वितरणाचे सत्र. तेथे एका वितरण व्यवस्थापकाने पहाटेच्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी हातात धरून, गाडी वीस मिनिटे उशिरा पोहोचली की न विकलेले अंक कसे परत येतात, हे उलगडून दाखवले. कागदाच्या सत्रात दर टनाचा सांगतात. तुम्ही ग्रॅमेजही (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) अवश्य विचारा, कारण ४५ ऐवजी ४२ ग्रॅमचा कागद घेतल्यास तेवढ्याच वजनात सुमारे ७ टक्के अधिक पाने निघतात.

अर्थकारणाचे सत्र कंटाळवाणे वाटले तरी चुकवू नये. १९२० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ या पाक्षिकाला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते, पत्र कशावर चालवायचे, हा प्रश्न तेव्हाही होताच. वक्त्याला गाठायचे असेल, तर व्यासपीठाजवळच्या गर्दीत न शिरता चहाच्या वेळी नेमका एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर तिथल्या तिथे वहीत उतरवून घ्यावे.