दुपारी चारची सावली

चि. भाचीस अनेक आशीर्वाद,

कुणाच्या अंगणात नसेल असं सावलीचं झाड लावायचं म्हणतेस. लाव की. पण नर्सरीत जाण्याआधी मे महिन्यात एकदा दुपारी चारला अंगणात उभी राहा. कर्कवृत्त उज्जैनच्या जरा वरून जातं, म्हणून जूनच्या सुरुवातीला इंदुरात सूर्य थेट डोक्यावर येतो. साडेबाराला झाडाची सावली बुंध्याशीच गोळा होते, घराला तिचा काय उपयोग? भिंत तापते चारच्या उन्हाने, आणि ते तेव्हा पश्चिमेहून किंचित उत्तरेला सरकून येतं. झाडाची जागा त्या बाजूला धर.

मी रामबागेत फुलांवर भाळून गुलमोहर लावला होता. ऐन एप्रिलात तो खराटा, आणि एका जुलैत त्याची फांदी माझ्या स्कूटरवर! सप्तपर्णीही नको. दिवाळीच्या आसपास तिचा वास डोकं धरतो.

माझं मत पुत्रंजीवाला. बारा महिने हिरवा, पानं गर्द, चकचकीत, फांद्या खाली झुकलेल्या. आजीने माझ्या गळ्यात त्याच्या बियांची माळ घातली होती. धागा मळून काळा झाला, तरी लिंबोळीएवढ्या टोकदार, खरबरीत बिया तशाच राहिल्या. मुलं जगावीत म्हणून घालायचे. मला ती फक्त टोचायची.

वाढतो मात्र सावकाश. पहिली दोन-तीन वर्षं वाटेल, हा काही करतच नाही. तोवर जवळ शेवगा लाव, नंतर काढून टाक.

आपली काळी माती उन्हाळ्यात बोट जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणून भिंतीपासून पंधरा फूट तरी सोड. पहिले दोन पाऊस चांगले झाले की रोप लाव, खड्ड्यात नव्हे, वीतभर उंचवट्यावर. खड्ड्यात पाणी साचून मुळं कुजतात, माझी दोन बकुळं तशीच गेली. पिशवी काढल्यावर गोल फिरलेली मुळं हाताने मोकळी कर. आळं दरवर्षी रुंद करत ने. बुंध्याशी पाणी ओतत बसू नकोस.

पुत्रंजीवात नर-मादी झाडं वेगळी, रोपावरून ओळखू येत नाहीत. मादी निघाली आणि बिया धरल्या, तर मूठभर मला पाठव. माळ पुन्हा ओवून बघायची आहे.

तुझी
आत्या