माणूस महान कशामुळे होतो आणि बाकीचे सामान्यच का राहतात?

हुशारी म्हणाल तर ती पुष्कळांकडे असते हो, तिथे गाडी अडत नाही. माझ्या मते खरा फरक पडतो तो आपलं कुठे चुकतंय का हे बघायची तयारी किती आहे यात. डार्विनचंच घ्या ना, त्याची एक सवय होती, आपल्या मताच्या विरुद्ध जाणारं काही सापडलं की तो ते लगेच लिहून ठेवायचा, कारण सोयीचं लक्षात राहतं आणि गैरसोयीचं पटकन विसरतं हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि डोक्यात उत्क्रांतीची एवढी मोठी थिअरी तयार असताना हा गडी १८४६ ते १८५४ बार्नॅकल (खडकांना, जहाजांच्या तळाला चिकटून बसणारे कवचवाले जीव) चिरून बघत बसला, सुरुवात एका विचित्र नमुन्यापासून झाली आणि मग सगळा गटच पालथा घातला! स्वतः जाम वैतागला पण सोडलं नाही. आपण असतो तर 'चालतंय की' म्हणून केव्हाच मोकळे झालो असतो.

अर्थात त्याला पोटापाण्यासाठी नोकरी करावी लागत नव्हती, घरचा पैसा होता, हे मोटिव्हेशनवाले कधी सांगत नाहीत. आणि फेमस असणं म्हणजे महान असणं नव्हे, ते प्रकरणच वेगळं.