‘अनिवार्य’, ‘सक्तीचे’ आणि ‘सर्वसाधारणपणे’

संगमनेरकडच्या एका मुख्याध्यापिकांनी विचारलं आहे: “२०२५च्या जूनमध्ये हिंदीच्या शासन निर्णयातून ‘अनिवार्य’ शब्द गेला आणि ‘सर्वसाधारणपणे’ आला, तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत दोन तट पडले. एक म्हणे सक्ती गेली, दुसरा म्हणे सक्ती तीच, फक्त कपडे बदलले. भाषेच्या अंगानं बरोबर कोण? ‘अनिवार्य’ आणि ‘सक्तीचे’ यांत फरक आहे का? आमचे एक सर ‘अनिवार्य’ हा हिंदी शब्द आहे असं ठामपणे सांगतात. आणि शाळेच्या सूचनांत मी यातला कुठला वापरू?”

सरांपासून सुरुवात करू, कारण ते अर्धे बरोबर आहेत. ‘अनिवार्य’ संस्कृत आहे, म्हणजे जितका हिंदीचा तितकाच आपला. ज्याचं निवारण करता येत नाही ते अनिवार्य. त्याचा सख्खा भाऊ ‘अनिवार’ मराठीत जुना आहे: अनिवार ओढ, अनिवार मोह. कोणी थोपवू म्हटलं तरी थोपत नाही असं काहीतरी. ‘मृत्यू अनिवार्य आहे’ हे स्वच्छ मराठी वाक्य आहे, आणि त्यामागे कुणाचं परिपत्रक नाही. पण ‘हा विषय अनिवार्य आहे’ यातला वापर वेगळा. तो मराठीत फार खोल मुरलेला नाही, आणि माझ्या मते त्यावर हिंदी सरकारी भाषेची छाया आहे. एकच पुरावा देतो. २००९चा केंद्राचा शिक्षणहक्क कायदा हिंदीत ‘निःशुल्क और अनिवार्य’ शिक्षणाचा आहे, मराठीत तोच ‘मोफत व सक्तीच्या’ शिक्षणाचा. कायदा एक, कलमं तीच. त्यांनी अनिवार्य म्हटलं तिथं आपण सक्ती म्हटलं.

‘सक्ती’ संस्कृतही नाही. पुष्कळांना ते ‘शक्ती’चं बोबडं रूप वाटतं. ते फारसी ‘सख्ती’चं आहे, सख्त म्हणजे कडक, कठीण. आपण ख चा क केला आणि शब्द असा घरचा करून टाकला की सक्त ताकीद, सक्तमजुरी हे म्हणताना कुणाला इराण आठवत नाही. बातम्यांतली ईडीसुद्धा मराठीत सक्तवसुली संचालनालय होऊन बसली आहे.

पण व्युत्पत्तीपेक्षा व्याकरणातला फरक मोलाचा. सक्ती ‘करावी’ लागते. कोणी केली आणि कोणावर केली हे दोन्ही प्रश्न त्या शब्दाला चिकटूनच येतात. ‘आईनं माझ्यावर दूध प्यायची सक्ती केली’ म्हटलं की आई दिसते, पेला दिसतो, तोंड वाकडं केलेलं पोरही दिसतं. आता तिथं दुसरा शब्द घालून बघा: ‘दूध अनिवार्य आहे’. आई वाक्यातून नाहीशी झाली. दुधावरच जबाबदारी. ‘आईनं माझ्यावर दूध अनिवार्य केलं’ असं म्हणायला गेलं तर जीभ अडखळते. सरकारी मसुदे लिहिणाऱ्यांना ‘अनिवार्य’ का आवडतो ते यावरून कळावं. करणारा लपतो.

आता २०२५कडे येऊ. १६ एप्रिलला नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीचा शासन निर्णय निघाला. मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवी हिंदी ही तिसरी भाषा म्हणून ‘अनिवार्य’. तोवर आपल्याकडे हिंदी पाचवीत यायची. गदारोळ झाला. राज ठाकरे यांचा पक्ष पहिल्याच दिवसापासून विरोधात. उद्धव ठाकरे यांचाही. पण सरकारच्याच भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी मुख्यमंत्र्यांना विरोधाचं पत्र लिहिलं, तेव्हा हे प्रकरण नुसतं राजकीय राहिलं नाही. महिना संपायच्या आत शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी ‘अनिवार्य’ या शब्दाला स्थगिती दिल्याचं सांगितलं. हे वाक्य परत वाचा. स्थगिती शब्दाला! मी इतकी वर्षं शब्दांच्या मागे फिरतोय, पण एखाद्या विशेषणाला स्थगिती मिळाल्याचं याआधी ऐकलं नव्हतं.

मग १७ जूनला सुधारित निर्णय आला. त्यात हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा असेल असं म्हटलं. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर घेता येईल, मात्र त्या इयत्तेत तशी इच्छा असणारी किमान २० मुलं हवीत.

तुमच्या शिक्षकखोलीतलं भांडण या क्रियाविशेषणावर आहे, म्हणून इथं जरा थांबतो. ‘सर्वसाधारणपणे’ मराठीत दोन कामं करतो. एक काम निरीक्षणाचं: ‘कोकणात सर्वसाधारणपणे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागतो.’ यात आज्ञा नाही, पाऊस उशिरा आला तर कुणी त्याला नोटीस काढत नाही. दुसरं काम नियमाचं: ‘रजेचा अर्ज सर्वसाधारणपणे आठ दिवस आधी द्यावा.’ यात आज्ञा आहे, फक्त तिला अपवादाची एक खिडकी ठेवली आहे. शासन निर्णय पावसाचं निरीक्षण नोंदवायला निघत नाही. त्यामुळे तिथं दुसराच अर्थ लागतो: नियम हिंदीचा, खिडकी इतर भाषांची. मग प्रश्न शब्दाचा उरतच नाही, खिडकी केवढी आहे याचा उरतो.

ती मोजू या. शिक्षण खात्याच्याच आकडेवारीनुसार २०२२च्या सुमारास राज्यात २० किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा १४ हजारांच्या वर होत्या. पट सगळ्या शाळेचा, एका इयत्तेचा नव्हे. अकोले तालुक्यातली एखादी वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यापुढे आणा. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली-दुसरी एका भिंतीकडे तोंड करून, तिसरी-चौथी दुसऱ्या. पहिलीत पाच मुलं. त्या पाचही मुलांच्या आयांनी एकमुखानं गुजराती मागितली तरी विसाला पंधरा कमी. सगळी शाळा पहिलीत बसवली तरी भागत नाही. अशा ठिकाणी ‘सर्वसाधारणपणे’चा अर्थ ‘नेहमीच’ असा होतो. मुंबईत पाच-पाच तुकड्यांच्या शाळेत मात्र तोच शब्द खरोखर ‘बहुधा’ या अर्थी उतरू शकला असता. तेव्हा तुमच्या दोन्ही तटांना माझं उत्तर असं: शब्दाच्या पातळीवर सक्ती सैल झाली होती, अटीच्या पातळीवर लहान शाळांत ती जशीच्या तशी होती. दुसरा तट जास्त बरोबर. कपडे बदलले ही उपमाही चांगली आहे, कुणाची असेल त्यांना सांगा.

‘मुभा’ हा शब्दही त्या दिवसांत पेपरात खूप दिसला: इतर भाषा निवडण्याची मुभा. मुभा मुळात अरबी, ‘मुबाह’, म्हणजे ज्याला मनाई नाही ते. निवड माझी असते, मुभा दुसरा देतो. तो देतो, म्हणून अट घालतो.

राजकारण्यांच्या भूमिका मला त्यांच्या शब्दांवरून ओळखता यायला लागल्या होत्या. विरोधक सुरुवातीपासून ‘हिंदी सक्ती’ म्हणत होते, म्हणजे करणाऱ्याला वाक्यात उभं करत होते. मुख्यमंत्री फडणवीस यांचा भर यावर की महाराष्ट्रात सक्ती असेल तर ती मराठीची आहे. ते खरंही आहे. २०२०च्या कायद्याच्या नावातच मराठीचं ‘सक्तीचे अध्यापन व अध्ययन’ आहे, तिथं सरकारला शब्दाची लाज वाटली नाही. म्हणजे आपल्या भाषेची उघड सक्ती, दुसरीची मात्र अनिवार्यता. अजित पवार सरकारात होते तरी त्यांचं म्हणणं पहिलीपासून हिंदी नको, पाचवीपासून असावी. शरद पवारांचंही साधारण तेच, प्राथमिक वर्गांत सक्ती नको, पाचवीनंतर हिंदी मुलांच्या उपयोगाची. काका-पुतणे वेगळ्या बाकांवर बसून एकाच इयत्तेवर येऊन थांबले, हे मौजेचं. आणि एक भांडण तर शुद्ध शब्दार्थाचं होतं. सत्ताधारी म्हणाले, नवं शैक्षणिक धोरण राज्यात कसं राबवावं यावरच्या माशेलकर समितीचा अहवाल जानेवारी २०२२मध्ये उद्धव ठाकरे यांच्याच मंत्रिमंडळानं स्वीकारला. ठाकरे पक्षाचं उत्तर असं की अहवाल आला म्हणजे धोरण लागू झालं असं नाही. ‘स्वीकारणे’ मराठीत पाकीट हातात घेण्यालाही चालतं आणि आतला मजकूर मान्य करण्यालाही. दोघांनी आपापल्या सोयीचा अर्थ उचलला.

शेवटी २९ जूनला दोन्ही शासन निर्णय रद्द झाल्याची घोषणा झाली, तिसऱ्या भाषेचं काय करायचं ते ठरवायला डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली, आणि दोघा ठाकरे बंधूंचा ५ जुलैचा ठरलेला मोर्चा वरळीच्या सभागृहात विजयी मेळावा झाला. विशेषण आणि क्रियाविशेषण दोन्ही एकाच दिवशी बाद.

जाता जाता तमिळचं. १९३७मध्ये मद्रास इलाख्याच्या सरकारचे प्रमुख राजाजी (राजगोपालाचारी) यांनी तिथल्या शाळांतून हिंदी सक्तीची करायचं जाहीर केलं, १९४०मध्ये ती सक्ती मागे घेतली गेली, आणि तेव्हापासून तिकडच्या राजकारणात एक शब्द घट्ट बसला आहे: ‘तिणिप्पु’. म्हणजे कोंबणं, ठासून भरणं. आपण ‘लादणं’ म्हणतो, बैलाच्या पाठीवर गोणी लादतात तसं. तमिळ माणसाला ती भाषा तोंडात कोंबल्यासारखी वाटते, आपल्याला पाठीवर टाकल्यासारखी. त्यावर कुणी प्रबंध लिहू नये, पण मला हा फरक आवडतो.

‘सक्ती’ हा शब्द मराठीत कायम शिवीसारखा नव्हता, उलट तो सुधारकांचा होता. जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा अशी मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक १९१२मध्ये केंद्रीय कायदेमंडळात १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. शाहू महाराजांनी १९१७मध्ये कोल्हापुरात ते करूनच दाखवलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. १९२०मध्ये पुण्यात वाद पेटला तो सक्ती असावी की नसावी यावर नव्हे, तर मुलींनाही ती आत्ताच लावावी की पैशाच्या अडचणीमुळे आधी मुलांनाच, यावर. टिळक ‘आधी मुलं’च्या बाजूला होते. म्हणजे त्या काळी मुलींना सक्तीतून वगळणं हा अन्याय वाटत होता. शंभर वर्षांत शब्द इतका कसा फिरला? तेव्हा सक्ती कुणावर होती ते बघितलं की उलगडतं. ती बापावर होती, आणि शाळा उघडावी लागणाऱ्या सरकारवर होती. २००९च्या कायद्यातही आठव्या कलमाच्या स्पष्टीकरणात सक्तीचं शिक्षण म्हणजे शासनावरचं बंधन, असं लिहिलं आहे: ते मोफत द्यायचं, आणि प्रवेश, हजेरी नि शिक्षण पुरं होणं हे बघायचं. हिंदीच्या वादात मात्र ‘कोणावर’ या प्रश्नाचं उत्तर सहा वर्षांचं पोर असं होतं. व्याकरण तेच, फक्त ‘वर’च्या आधीचा शब्द बदलला.

आता तुमच्या सूचना-फलकाचं. मला एका शाळेची चिठ्ठी कुणीतरी दाखवली होती, नाव सांगत नाही. ‘सहल ऐच्छिक असून शुल्क सोमवारपर्यंत अनिवार्यपणे भरावे.’ ही अशी वाक्यं ‘अनिवार्य’मुळेच सुचतात, कारण कोण मागतंय आणि कशासाठी हे सांगावं लागत नाही. तुम्ही असं करा. कायद्यानं किंवा नियमानं आलेली गोष्ट असेल तर ‘बंधनकारक’ लिहा आणि कोणत्या नियमानं तेही लिहा. विषयांच्या यादीत ‘आवश्यक’ आणि ‘ऐच्छिक’ ही जुनी जोडी पुरते, मुलं तसंही कंपल्सरी-ऑप्शनलच म्हणणार. शाळेनं स्वतः ठरवलेलं असेल तर कर्ता घाला आणि साधं क्रियापद वापरा: ‘शनिवारी कवायतीसाठी सर्व मुलांनी पांढरे बूट घालून यावे, असे शाळेने ठरवले आहे. ज्यांच्याकडे नसतील त्यांनी वर्गशिक्षिकांना सांगावे.’ यात ‘सर्वसाधारणपणे’ कुठं घालावं असं कुणी सुचवलं तर बुटांचा खर्च कोण करणार ते आधी विचारा.