ऑनलाइन बॅकअपच्या खात्याला टू-फॅक्टर लावलं आणि फोनच हरवला तर फोटो कायमचे अडकतात का?

तुम्ही विचारलंय की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात फोटो स्टुडिओ आहे, लग्नांचे सगळे फोटो ऑनलाइन बॅकअपला टाकताय, आता खात्यात टू-फॅक्टर (म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) चालू करा म्हणून सारखं येतंय आणि ओळखीचे लोक सांगतायत की फोन गेला तर स्वतःच्याच खात्याबाहेर बसाल.

लावा, नक्की लावा. नुसत्या पासवर्डवर लोकांच्या लग्नाचे फोटो ठेवू नका, तो पासवर्ड कुणाच्या हाती लागला तर फोटो बघणं सोडाच, पुसूनही टाकता येतात. पण ती भीती खोटी नाही, आणि बॅकअपच्या बाबतीत तर जास्तच खरी आहे. कारण बॅकअप आपण उघडतो कधी ओ? एरवी कोण बघत नाही, ज्या दिवशी हार्ड डिस्क जाते, दुकानात पाणी शिरतं, कॅमेऱ्याची बॅग चोरीला जाते त्या दिवशी आठवण येते, आणि त्याच दिवशी फोनही गेलेला असू शकतो. म्हणून आधी हे ठरवा की फोन नाही, कॉम्प्युटर नाही, नुसता मी आहे, तर आत जाणार कसा. ह्याची सोय झाली की मगच चालू करा.

पहिलं म्हणजे एसएमएसच्या ओटीपीवर राहू नका, ऑथेंटिकेटर ॲप घ्या, म्हणजे फोनमध्येच कोड तयार करणारं ॲप. जांबोटी-कणकुंबीकडं ऑर्डर असली की रेंजचं काय होतंय तुम्हाला माहीत आहे, ओटीपी येईपर्यंत त्याची वेळ संपलेली असते. (शिनोळीपलीकडं गेलं की फोन महाराष्ट्राचा टॉवर धरतो, त्यानं काय बिघडत नाही, रोमिंगमध्ये मेसेज येतोच. अडचण रेंज नसण्याची आहे.) शिवाय तुमच्या नावानं दुसऱ्यानं डुप्लिकेट सिम काढलं तर ओटीपी त्याच्याकडं जातो, आणि रिचार्ज न करता नंबर बंद पडला तर ९० दिवसांनंतर तो दुसऱ्याला देता येतो. ॲपला ह्यातलं काही लागत नाही. टू-फॅक्टर चालू करताना स्क्रीनवर क्यूआर कोड येतो, तो ॲपनं स्कॅन करताना एक गुप्त की फोनमध्ये साठते, मग ती की आणि घड्याळातली वेळ मिळून दर ३० सेकंदांनी ६ आकडी कोड तयार होतो, विमान मोडवर ठेवा, सिम काढून टाका, तरी येतो. फक्त फोनची वेळ ऑटोमॅटिक ठेवा, घड्याळ मागंपुढं असलं की कोड चुकीचा म्हणून सांगतंय आणि माणूस उगाच घाबरतो.

आता मुख्य गोष्ट. क्यूआर कोड स्क्रीनवर असतानाच दोन फोनवर स्कॅन करा, एक तुमचा आणि एक घरातल्या भरवशाच्या माणसाचा. की एकच असल्यानं दोन्हीकडं तोच कोड दिसतो. पण क्यूआरचा स्क्रीनशॉट काढू नका, स्टुडिओवाल्यांना प्रत्येक गोष्टीचा फोटो काढायची सवय असते आणि गॅलरीतनं तो कुठं कुठं जाईल सांगता येत नाही.

त्यानंतर रिकव्हरी कोड मिळतात, म्हणजे फोन नसला तरी आत जायचे राखीव कोड. गूगल १० देतं, ८-८ आकड्यांचे, प्रत्येक एकदाच चालतो आणि नवीन संच काढला की जुना रद्द. तुमच्या कंपनीचे किती आहेत बघा, पण ते कोड त्याच कॉम्प्युटरवर फाइल करून ठेवलात तर ती फाइल जाणार त्याच बॅकअपमध्ये, म्हणजे आत जायला कोड पाहिजे आणि कोड आत. कागदावर प्रिंट घ्या, दोन प्रती, एक घरी जमिनीच्या उताऱ्यांबरोबर आणि दुसरी वेगळ्या गावात, बेळगावात बहीण-मेहुणे कुणी असतील तर त्यांच्याकडं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेचं पाणी कुठवर आलं होतं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको, दोन्ही प्रती एकाच घरात ठेवून उपयोग नाही.

खात्याला जोडलेला ईमेल विसरू नका. पासवर्ड विसरलो म्हटलं की लिंक तिथंच येते, म्हणून टू-फॅक्टर आधी ईमेलला लावा, मग बॅकअपला. गूगल ऑथेंटिकेटर २०२३ पासून कोड गूगल खात्यात सिंक करतं, ते सोयीचं आहे, पण त्याच जीमेलचा कोड फक्त तिथंच असेल तर परत तीच गाठ पडते, त्यामुळं जीमेलचेही रिकव्हरी कोड कागदावर हवेत. आणि बॅकअपला स्वतःची एन्क्रिप्शन की (फाइलींना कुलूप लावणारा गुप्त शब्द) दिली असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, टू-फॅक्टर सुटलं तरी तिच्याशिवाय फाइली उघडत नाहीत, कंपनीलाही येत नाहीत, तीही त्याच कागदावर लिहा. पासवर्ड मात्र त्या कागदावर नको.

सगळं झालं की चालू असलेलं लॉगिन तसंच ठेवून दुसऱ्या ब्राउझरमध्ये आत जाऊन बघा, एकदा ॲपच्या कोडनं, एकदा कागदावरच्या कोडनं, वापरलेला कोड खोडा आणि एखादं लग्नाचं फोल्डर खाली उतरवून उघडतंय का बघा. स्टुडिओतल्या पोरांना फोनवर कोड सांगायची सवय लावू नका, उद्या तिसराच कोणीतरी कंपनीतनं बोलतोय म्हणून मागेल. त्यांचं काम असेल तर काउंटरवरच्या फोनवर ॲप ठेवा, त्या फोनला लॉक लावून. फोन बदलताना जुना एक्स्चेंजला द्यायच्या आधी नव्या फोनवर कोड येतायत, लॉगिन होतंय हे बघा, मगच जुना रिसेट करा.