आश्रयाच्या अर्जातली 'विश्वासार्हता' आणि 'खोटं बोलणं'

प्रश्न असा आलाय : मायदेशात छळ होतो म्हणून दुसऱ्या देशात आश्रय मागणाऱ्या एका माणसाच्या प्रकरणातला निकाल मराठीत करायचा आहे. न्यायाधिकरणाने 'अर्जदाराचं कथन विश्वासार्ह नाही' असं म्हटलंय. त्याऐवजी सरळ 'अर्जदार खोटं बोलला' लिहिलं तर चालेल का? आणि शब्द 'विश्वासार्ह' घ्यावा की 'विश्वसनीय'?

पहिल्याचं उत्तर : नाही चालणार. 'खोटं बोलला' म्हटलं की माणसाच्या हेतूवर बोट ठेवलं जातं. 'विश्वासार्ह नाही' एवढंच सांगतं की समोर आलेल्या जबानीवर विसंबून निर्णय देता येत नाही. 'अर्ह' म्हणजे योग्य, लायक; 'पूजार्ह'मधला तोच. जबानी विश्वास ठेवण्याजोगी आहे का, इतकाच सवाल. घटना प्रत्यक्षात घडली की नाही हे तपासणाऱ्याला बहुतेक वेळा कळतच नाही, कारण छळ करणारा पावती देत नाही.

म्हणून सगळा भर जबानीवर येतो. लेखी अर्ज आणि तोंडी जबाब जुळतात का, तपशील पुरेसे आहेत का, त्याच्या मायदेशाच्या परिस्थितीबद्दल जे माहीत आहे त्याच्याशी हे बसतं का. कॅनडात १९७९च्या एका निकालापासून शपथेवरची जबानी खरी धरूनच चालतात, शंकेला कारण असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत २००५च्या कायद्याने उलटा कल घेतला : विसंगती दाव्याच्या गाभ्याशी निगडित नसली तरी ती विचारात घेता येते. मला हे फार कडक वाटतं. समजा, इथिओपियाचा अर्जदार म्हणाला, 'मला २०१० सालच्या मेस्केरेममध्ये पकडलं.' त्याच्या पंचांगात मेस्केरेम हा वर्षाचा पहिला महिना, आणि ते २०१० आपल्या ११ सप्टेंबर २०१७ला सुरू झालं. लिहून घेणाऱ्याने नुसतंच '२०१०' टिपलं आणि पुढच्या सुनावणीत अर्जदाराने '२०१७' सांगितलं, की कागदावर सात वर्षांची तफावत तयार! इथे खोटं कोण बोललं? कुणीच नाही. पण कागद पाहणाऱ्याला जबानी डळमळीत दिसणार. मारहाण सोसलेल्या माणसाला तारखा आणि क्रम नीट आठवत नाहीत, हेही त्यात मिळवा.

अनुवाद करताना आणखी एक जागा सांभाळा. विश्वासार्ह ठरलं म्हणजे अर्ज मंजूर झाला असं नव्हे. अमेरिकी कायद्याला जबानी विश्वासार्ह हवी, पटणारी हवी आणि नेमक्या तथ्यांवर बेतलेली हवी. ही तीन विशेषणं मराठीत एकाच शब्दाने उरकू नका. २०२१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक अधोरेखित केला : विश्वासार्ह मानलेली जबानीही इतर पुराव्यासमोर कमी पडू शकते. शिवाय १९५१च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारातली छळाची भीती 'साधार', म्हणजे सबळ कारण असलेली, असावी लागते, आणि तो प्रश्न पुढे काय होईल याचा आहे. त्यासाठी निम्म्याहून जास्त शक्यता लागत नाही. दहात एक असली तरी भीती साधार ठरू शकते, असं त्याच न्यायालयाने १९८७मध्ये म्हटलं होतं.

आता दुसरा प्रश्न. 'विश्वसनीय' चूक नाही, पण तो 'विश्वसनीय सूत्रां'मुळे बातमीच्या भाषेत रुळलाय. जबानीसाठी मी 'विश्वासार्ह'च घेईन, आणि शक्यतो ते विशेषण जबानीला लावेन, माणसाला नाही.

जाता जाता : निकालात पुढे 'संशयाचा फायदा' येईल. तो फौजदारी खटल्यातल्यासारखा समजू नका. तिथे तो आरोपीला शंका उरली की मिळतो. इथे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाची १९७९ची मार्गदर्शिका सांगते की मिळण्याजोगा सगळा पुरावा तपासून झाला आणि अर्जदार एकंदरीत विश्वासार्ह वाटला, तरच तो द्यावा. तेव्हा पहिल्या उल्लेखाला एक तळटीप जोडाच.